बोटामागे फिरणारे डोळे

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना ईएमडीआर या, भयंकर प्रसंगाच्या छळणाऱ्या आठवणींवरच्या उपचारपद्धतीचा मी ओझरता उल्लेख केला होता. ‘आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग’ असं तिचं लांबलचक नाव. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली काही इथे घेते आहे. आधी पत्र, मग माझं उत्तर, असा क्रम आहे. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि ही पद्धत रोजच्या कामात वापरते. तेव्हा माझा तिच्याकडे ओढा आहे, हे धरूनच पुढचं वाचा.

ताई, नमस्कार. दोन वर्षांपूर्वी आमच्या गाडीला मागून ट्रकनं धडक दिली. जखमा भरल्या, पण मी अजून पुढच्या सीटवर बसू शकत नाही. मागून हॉर्न वाजला की हात गार पडतात. रात्री तेच स्वप्न. सायकियाट्रिस्टनी ईएमडीआर सुचवलंय. म्हणे थेरपिस्ट बोट हलवणार आणि मी त्याकडे बघत राहायचं. हे संमोहन आहे का? आणि नुसते डोळे हलवून मी अपघात कशी विसरणार?

अपघात तुम्ही विसरणार नाही, आणि तो विसरला जावा असा प्रयत्नही कुणी करणार नाही. उपचार नीट झाला तर अपघात आठवेल, तारीखवार आठवेल, फक्त आठवताना हात गार पडणार नाहीत. आज तुम्हाला हॉर्न ऐकू येतो तेव्हा शरीराच्या लेखी तो ट्रक अजून मागून येतोच आहे. दोन वर्षं उलटली ही बातमी डोक्याला मिळाली आहे, पोटाला आणि हातांना मिळालेली नाही. ती तिथपर्यंत पोचवायची, एवढंच या उपचाराचं काम.

संमोहन नाही. तुम्ही टक्क जाग्या असता, खोलीत आहात हे तुम्हाला कळत असतं, आणि हात वर केलात की थेरपिस्टनं त्या क्षणी थांबायचं असतं. ही थांबण्याची खूण आधीच ठरवून घेतात. माझ्याकडे तर ती आम्ही एकदोनदा करूनही बघतो, कारण ‘थांबा’ म्हटल्यावर समोरचा खरंच थांबतो हा अनुभव आघातातून गेलेल्या माणसाला फार दिवसांत मिळालेला नसतो.

पहिल्या भेटीत बहुधा बोट हलणारच नाही. आधी तुमचा इतिहास, झोप, औषधं, घरात आधार कोणाचा, हे सगळं विचारलं जाईल. मग मन शांत करायचे एकदोन उपाय शिकवले जातील. त्यातला एक म्हणजे मनातल्या मनात एक निवांत जागा ठरवायची आणि हवं तेव्हा तिथे जाऊन यायचं. हे जमलं की खरं काम सुरू होतं. अपघाताचं सगळ्यात वाईट चित्र कोणतं, असं विचारतील. संपूर्ण गोष्ट नको, एकच चित्र. ते समोर आलं की स्वतःबद्दल काय वाटतं? ‘मी आता संपले’, ‘माझ्या हातात काहीच नाही’, असं काहीतरी निघतं. त्याऐवजी काय वाटलेलं आवडेल? समजा, ‘ते संपलं, मी वाचले’. हे वाक्य आत्ता किती खरं वाटतं, १ ते ७ मध्ये? त्रास किती होतोय, ० ते १० मध्ये? आणि शरीरात कुठे? या शेवटच्या प्रश्नाला लोक आधी गोंधळतात आणि मग हात आपोआप छातीकडे किंवा गळ्याकडे जातो.

मग डोळे. खुर्च्या अगदी समोरासमोर नसतात, थोड्या तिरक्या, बाजूबाजूला असतात. थेरपिस्ट दोन बोटं धरून हात डावीकडून उजवीकडे नेतो, परत आणतो. मान स्थिर, फक्त डोळे त्यामागे. वीस-तीस सेकंदांचा एक सेट. त्या वेळी ते चित्र, ते वाक्य, छातीतलं ते दडपण मनात धरायचं आणि जे होईल ते होऊ द्यायचं. आपण आगगाडीत बसलोय आणि बाहेरचं सगळं मागे जातंय अशी कल्पना करा, असं आम्ही सांगतो. सेट संपला की श्वास घ्यायचा. ‘आता काय आलं?’ जे आलं ते दोन शब्दांत सांगायचं. थेरपिस्ट त्यावर प्रवचन देत नाही. ‘त्याच्याबरोबर राहा’ म्हणतो आणि पुढचा सेट.

हे किती उघडंबोडकं वाटतं याची मला कल्पना आहे. म्हणून एका गृहस्थांचं सांगते. त्यांची परवानगी आहे, ओळख पटण्यासारखं बदललं आहे. कारखान्यात त्यांच्या डोळ्यांदेखत सहकाऱ्याचा हात यंत्रात गेला होता. त्यांचं वाक्य होतं, ‘मी बटण वेळेवर दाबलं नाही.’ त्रास ९. पहिल्या सेटनंतर फक्त आवाज आला, यंत्राचा. दुसऱ्यानंतर गळा आवळला. मग थोडा वेळ काहीच नाही, मग संताप, सुपरवायझरवरचा. त्यानंतरच्या एका सेटनंतर ते एकदम ताठ बसले आणि म्हणाले, ‘बटण पलीकडच्या बाजूला होतं. मी धावलो होतो.’ मी म्हटलं, त्याच्याबरोबर राहा. पुढच्या सेटमध्ये त्यांचे पाय हलत होते, चपलांचा जमिनीवर आवाज येत होता. ‘मला वळसा घालून जावं लागलं,’ ते म्हणाले, आणि रडले. यंत्र कसं होतं, बटण कुठे होतं, हे त्यांना नोकरीत लागल्यापासून ठाऊक होतं. चौकशी समितीनंही तेच लिहिलं होतं. बायकोनं शंभरदा समजावलं होतं. पण अपराधाच्या त्या चित्रात ती माहिती कधी शिरलीच नव्हती. ती त्या दिवशी शिरली, आणि ती मी सांगितली नव्हती. पुढच्या काही भेटींत त्रास १ वर आला. ० का नाही, असं विचारल्यावर म्हणाले, ‘माणसाचा हात गेला, ताई. एवढं तरी राहायलाच हवं.’ ते मला पूर्ण पटलं.

इथे एक सांगून ठेवते. सेटमध्ये वर आलेला प्रत्येक तपशील खरा घडलेलाच असतो असं धरून चालू नये. त्यांच्या बाबतीत बटणाची जागा हा पडताळलेला भाग होता. घटनेचा छडा लावायचं साधन म्हणून ही पद्धत कुणी वापरत असेल तर ते चूक आहे.

त्रास उतरला की ते नवं वाक्य सेट घेऊनच पक्कं करतात, मग डोक्यापासून पायापर्यंत शरीर तपासून कुठे काही उरलंय का बघतात. भेट संपताना काम अर्धवट असलं तरी तुम्हाला शांत करूनच पाठवायचं असतं, आणि पुढच्या वेळी आधी मागचं तपासायचं. असे एकंदर आठ टप्पे. एक भेट साधारण तास-दीड तासाची. ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था, जी तिथल्या डॉक्टरांना उपचारांबद्दल मार्गदर्शन करते, ती प्रौढांसाठी साधारण ८ ते १२ भेटी धरते, गरज पडली तर जास्त. तुमच्यासारख्या एकाच घटनेत कमीतही भागू शकतं.

फिट येत असेल, डोळ्यांचा आजार असेल, गरोदर असाल, तर ते आधी सांगा. डोळे हलवणं जमत नसेल तर तळहातांवर आलटूनपालटून टिचक्या किंवा दोन्ही कानांत आळीपाळीनं आवाज, असंही करता येतं. चालू असलेली गोळी मनानं बंद करू नका.

मी विज्ञानाचा निवृत्त शिक्षक. बागेत फिरताना एका बाईंना सुचलं म्हणे, आणि त्यावर जगभर उपचार चाललेत! डावा मेंदू, उजवा मेंदू असलं काहीतरी एका व्याख्यानात ऐकलं. पुरावा काय आहे, तेवढं स्पष्ट सांगा.

सर, बागेची गोष्ट खरी आहे. १९८७ मध्ये फ्रान्सिन शपिरो या अमेरिकन मानसशास्त्राच्या अभ्यासक चालत असताना त्यांच्या लक्षात आलं की डोळे झरझर इकडून तिकडे होत असताना त्रासदायक विचारांची धार कमी होते. त्यावरून कुणी उपचार सुरू केला असता तर मीही तुमच्याच बाजूला असते. त्यांनी प्रयोग केला. १९८९ साली २२ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो लहान होता, त्यात उणिवा होत्या, आणि टीकाही भरपूर झाली. पण मग इतरांनी, चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत तशा पद्धतीनं चाचण्या घेतल्या, आणि त्या साठत गेल्या. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या या आजारासाठी, आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारा, बोलण्यातून होणारा उपचार) आणि ईएमडीआर या दोन्हींची शिफारस केली, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही. ‘नाइस’नं २०१८ मध्ये प्रौढांसाठी केली, मात्र युद्धाशी संबंधित आघात वगळून. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं २०१७ मध्ये हात राखून केली, सीबीटीला एक पायरी वर ठेवून. आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या आणि संरक्षण खात्याच्या मार्गदर्शक सूचनांत ईएमडीआर पहिल्या पसंतीच्या तीन उपचारांत आलं.

उपयोग होतो का, हा प्रश्न माझ्या मते आता मिटलेला आहे. कशामुळे होतो, तो मिटलेला नाही, आणि तुमची खरी शंका तीच असावी.

टीकाकारांचं म्हणणं असं, की भीतीच्या आठवणीला सुरक्षित ठिकाणी सामोरं जाणं हा जुना, सिद्ध झालेला उपाय आहे. ईएमडीआरमध्ये जे उपयोगी आहे ते हेच जुनं, आणि जे नवं आहे, म्हणजे डोळे, ते निव्वळ सजावट. २००१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या एका विश्लेषणाला डोळ्यांच्या हालचालीचा वेगळा फायदा दिसला नाही. २०१३ मधल्या दुसऱ्या विश्लेषणाला तो दिसला. मला स्वतःला सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण तात्पुरत्या स्मृतीचं आहे. आपण एका वेळी मनात फार थोडं धरू शकतो. भयंकर चित्र मनात धरलं आणि त्याच वेळी हलत्या बोटाचा पाठलागही करायचा म्हटलं, तर दोन्हींना जागा पुरत नाही. चित्र फिकं पडतं, आणि फिकं झालेलंच पुन्हा साठवलं जातं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी यावर बरंच काम केलं आहे. मनातल्या मनात उलटे आकडे मोजूनही असाच परिणाम मिळतो, डोळे वर-खाली नेले तरी मिळतो. म्हणजे व्याख्यानातल्या त्या डाव्या-उजव्या मेंदूला तुम्ही खुशाल निरोप द्या.

अलीकडचं एक सांगण्यासारखं आहे. २०१९ मध्ये दक्षिण कोरियातल्या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना आधी एका आवाजाची भीती बसवली, मग ती उतरवताना डावी-उजवीकडे सरकणारा प्रकाश दाखवला. त्या उंदरांची भीती अधिक कमी झाली आणि सहसा परतली नाही. मेंदूतला कोणता मार्ग यात सामील आहे, तोही त्यांनी दाखवला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे आहेच. पण उंदराला उपचारावर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून मला हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो.

ताई, लहानपणी घरातल्याच एका माणसाकडून बरीच वर्षं जे झालं, ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. सगळं उकरून सांगावं लागत असेल तर मला हा उपचार नको. तुम्ही छापलं नाहीत तरी चालेल.

तुमच्या पत्रातला महत्त्वाचा भाग छापलेला नाही. उत्तर मात्र छापते आहे, कारण हा प्रश्न पडलेल्या तुम्ही एकट्या नाही आहात.

सगळं सांगावं लागत नाही. घटनेचं सविस्तर वर्णन करावं लागत नाही आणि घरी लिहून आणायचा अभ्यासही नसतो. जागतिक आरोग्य संघटनेनं या पद्धतीचा वेगळेपणा म्हणून हेच नोंदवलं आहे. चित्र तुमच्या मनात असतं, ते मला दिसायची गरज नाही. ‘ते आलं’, ‘आता राग आहे’, ‘खांदा दुखतोय’, एवढं मला पुरतं. काही जणी नुसता आकडा सांगतात. मी एका बाईंबरोबर असं काम केलं आहे, की त्या खोलीत काय घडलं हे मला आजही माहीत नाही. खिडकीचा पडदा हिरवा होता, एवढंच माहीत आहे.

पण एका अपघातावरचं काम आणि वर्षानुवर्षांच्या अत्याचारावरचं काम यांत फार फरक आहे, आणि तो तुमच्यापासून कुणी लपवून ठेवू नये. तुमच्या पत्रात आहे, की कधीकधी तुम्ही ‘तिथे नसताच’, वेळ निघून जातो आणि कळत नाही. हे थेरपिस्टला पहिल्याच भेटीत सांगा. असं होत असताना घाईनं सेट सुरू केले तर माणूस आठवणीत वाहून जातो किंवा बधिर होतो. म्हणून आधी पायाशी जमीन हवी: आपण आत्ता कुठे आहोत, आजचा वार काय, पाय फरशीला टेकलेत का, याकडे परत येता येणं. या तयारीला महिने लागले तरी ते महिने उपचाराचेच असतात. मग सुरुवात सगळ्यात मोठ्या आठवणीपासून न करताही काम करता येतं.

आणि तो माणूस आजही तुमच्या आसपास असेल, भीती खरी असेल, तर डोळ्यांआधी तुमची सुरक्षितता. त्याबद्दल वेगळं पत्र पाठवलं आहे.

आमच्या आठ वर्षांच्या मुलीला कुत्रा चावला. आता ती घराबाहेर पाऊल टाकत नाही, एकटी झोपत नाही. एवढ्या लहान मुलांना हे चालतं का?

चालतं, आणि मुलांबरोबर ते बरंच वेगळं दिसतं. बोटाऐवजी हातात बाहुली असते, आकडे सांगण्याऐवजी ‘भीती एवढी मोठी का एवढी?’ म्हणून हात पसरायला सांगतात, चित्रं काढून घेतात. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर पुढे सरकतात असं मी पाहते. मोठ्यांनी भीतीवर जे थर चढवलेले असतात, ते त्यांच्याकडे अजून नसतात.

दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून आळीपाळीनं खांद्यांजवळ हलकेच थोपटायचं, याला फुलपाखराची मिठी म्हणतात. १९९७ च्या पॉलिन चक्रीवादळानंतर मेक्सिकोत वाचलेल्या मुलांबरोबर काम करताना ती पुढे आली. तुमच्या मुलीला थेरपिस्ट ती शिकवेल, तेव्हा तुम्हीही शिकून घ्या. कुत्रा चावला तेव्हा तुम्हीही तिथे होतात, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या पत्रात तिच्याइतकीच तुमचीही भीती आहे, बाबा. तुमच्यासाठीही एक भेट घ्या.

माझ्या पत्नीचं ईएमडीआर चालू आहे. भेटीनंतर ती दोन दिवस गप्प असते, विचित्र स्वप्नं पडतात, मध्येच रडते. मला वाटतं हे बंद करावं. तुमचं मत?

एक-दोन दिवस असं होणं नेहमीचं आहे. काम खोलीत थांबतं, मनात थोडं पुढे चालू राहतं. जास्त स्पष्ट स्वप्नं, एखादी जुनी आठवण अचानक वर येणं, प्रचंड थकवा. बंद करायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं. तुम्ही भेटीच्या दिवशी संध्याकाळ मोकळी ठेवा, त्यांना गाडी चालवायला लावू नका, पाहुणे बोलावू नका. ‘आज काय झालं?’ असं विचारू नका. ‘काही हवंय का?’ पुरतं. पत्नी एखाद्या वहीत दोन ओळी टिपून पुढच्या भेटीला नेत असतील, तर ती वही उघडू नका.

मात्र त्रास प्रत्येक आठवड्याला वाढतच चालला असेल, झोप पूर्ण गेली असेल, जगायलाच नको असं त्या बोलत असतील, तर पुढच्या भेटीची वाट बघू नका. त्याच दिवशी थेरपिस्टला आणि डॉक्टरांना फोन करा.

मी १९ वर्षांचा आहे. यूट्यूबवर सरकत्या ठिपक्याचा व्हिडिओ लावून मीच करून बघितलं. आधी बरं वाटलं, मग इतकी धडधड सुरू झाली की रात्रभर बसून होतो. माझं काय चुकलं?

तुझं काही चुकलं नाही. त्रास होत होता, हाताशी जे मिळालं ते तू करून बघितलंस. पण त्या ठिपक्याला तुझा चेहरा दिसत नाही. श्वास अडकला, नजर हरवली, तर माझा हात थांबतो. व्हिडिओ चालूच राहतो. तुझ्या बाबतीत आठवण उघडली आणि ती मिटून ठेवायला कुणी नव्हतं. तो व्हिडिओ पुन्हा लावू नकोस. मन शांत करायला वर सांगितलेली फुलपाखराची मिठी चालेल, लांब श्वास चालतील, पण वाईट आठवण मुद्दाम समोर आणून काहीही एकट्यानं करायचं नाही. आधी घरातल्या किंवा कॉलेजातल्या एका माणसाला सांग, की त्या रात्री काय झालं.

थेरपिस्ट शोधताना बेधडक विचार: ईएमडीआरचं प्रशिक्षण कुठे घेतलं, मूळ शिक्षण मानसशास्त्रात किंवा मानसोपचारात आहे का, कुणा अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम करता का. चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी रागावत नाही. तुझी काहीच विचारपूस न करता पहिल्या दहा मिनिटांत कुणी बोटं हलवायला लागलं, किंवा एका भेटीत बरं करण्याची हमी दिली, तर उठून ये आणि दुसरा शोध.